डिझेल गाडीचा फ्युएल फिल्टर घरी बदलताना: स्वच्छता, एअर आणि पाणी

रिंगपाना (धागाकर्ता)

कॉमन रेल डिझेल गाडीचा (जिच्यात सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) फ्युएल फिल्टर घरी बदलता येतो. पाऊण ते एक तास लागतो आणि त्यातला निम्मा वेळ पुसापुशीत गेला पाहिजे. या इंजिनांत पंप डिझेलला १,६०० बारच्या आसपास, काही गाड्यांत त्याहूनही जास्त दाबाने रेलमध्ये ढकलतो. नोझलच्या आतली फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. फिल्टर उघडला की त्याच्या पुढच्या, म्हणजे पंपाकडच्या बाजूला जो कण पडेल तो थेट पंपात आणि नोझलमध्ये जाणार. मध्ये त्याला अडवायला काहीच उरत नाही.

आधी आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचा फिल्टर आहे ते बघा. एकात अख्खा डबा हेडवरून (डबा ज्यावर बसतो तो फिल्टरचा वरचा भाग) फिरवून काढायचा असतो. दुसऱ्यात फिल्टरचं बाहेरचं घर कायम राहतं, झाकण उघडून आतलं कागदी एलिमेंट बदलायचं असतं. तिसरा सीलबंद डबा, त्याला पाइप थेट जोडलेले असतात. दुकानात नुसतं मॉडेल सांगू नका. वर्ष आणि चॅसी नंबर द्या. एकाच नावाच्या गाडीत बीएस-४ आणि बीएस-६ इंजिनाला वेगळा फिल्टर लागू शकतो. फिल्टरसोबत नव्या ओ-रिंगा आल्यात का तेही दुकानातच उघडून बघा. बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यांतून डिझेल जातं ते) असतील तर तांब्याचे नवे वायसर घ्या.

साहित्य: पट्ट्याचा फिल्टर पाना, १० आणि १२ च्या गोट्या (सॉकेट), स्प्रिंग क्लिपसाठी पक्कड, धागे न सुटणारी फडकी (जुना बनियन चालेल, कापसाचा वेस्ट बिलकुल नको), नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, पसरट ट्रे, पारदर्शक बाटली, टॉर्च, पाइपांची तोंडं बंद करायला स्वच्छ प्लास्टिकच्या टोप्या.

इंजिन गार असताना काम करा. गाडी बंद केल्यावरही रेलमध्ये थोडा वेळ दाब राहतो, म्हणून किमान दहा मिनिटं थांबा. हाय प्रेशरच्या लोखंडी नळ्यांना हात लावायचा नाही, या कामात त्यांचा संबंधच नाही. टाकीचं झाकण उघडून परत लावा म्हणजे आत साठलेला दाब जाईल. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

मग फिल्टरचं हेड, पाइपांचे सांधे आणि आजूबाजूची जागा आधी ब्रशने झाडा, नंतर फडक्याने पुसा. कोरडी धूळ उडाली, बसली, पुन्हा पुसली, असं दोनदा करा. फिल्टरखालचा अल्टरनेटर, बेल्ट आणि रबरी पाइप प्लास्टिकच्या पिशवीने झाका. डिझेलने रबर फुगतं आणि बेल्ट सरकतो. कोणता पाइप कुठे आहे याचा फोटो काढा आणि चिकटपट्टीने खुणा करा. आत, बाहेर आणि रिटर्न असे तीन-चार पाइप असतात. दिसायला सारखे असतात, अदलाबदल झाली तर गाडी सुरूच होणार नाही किंवा घाटात दम सोडेल.

तळाला पाण्याचा सेन्सर असेल तर त्याचं कनेक्टर आधी काढा. वायर लावलेली ठेवून डबा फिरवला की वायर पिळवटून तुटते. तळाचा कॉक एक-दोन आटे ढिला करून डिझेल ट्रेमध्ये काढा, मग डबा काढा. सेन्सर जुन्या डब्यातून नव्यात बसवायचा असेल तर त्याची ओ-रिंग बदला आणि हातानेच आवळा. ते आटे प्लास्टिकचे असतात, पाना लावला की चिरतात.

हेडवर जुनं रबर चिकटून राहिलेलं नाही ना ते बोट फिरवून बघा. ही सर्वात जास्त होणारी चूक आहे. दोन रबरं एकावर एक बसली की एकतर गळती किंवा एअर, दोन्हींपैकी एक नक्की. नव्या रबराला स्वच्छ डिझेलचा हात लावा, ग्रीस नको. रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा, तिथून पाऊण आटा पुढे. झाकणाच्या प्रकारात झाकणाच्या कडेवर टॉर्कचा (किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा छापलेला असतो, तो पाळा.

त्यानंतर एअर, म्हणजे पाइपांत आणि फिल्टरमध्ये अडकलेली हवा, काढणं. हेडवर हातपंप किंवा बटण असेल तर ते घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. ५० ते १०० वेळा दाबावं लागू शकतं. पाइपमध्ये हाताने दाबायचा रबराचा फुगा असेल तर तो दगडासारखा कडक होईपर्यंत. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर बॅटरी जोडून चावी ऑन करा, दहा सेकंद थांबा, ऑफ करा, असं सहा-सात वेळा. मग सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. गाडी सुरू झाली की पाच मिनिटं आयडलवर ठेवा, लगेच ॲक्सिलरेटर मारू नका. टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक सांधा तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पुन्हा तपासा.

---

कोकणकडा

छान आणि नेमकं लिहिलंय. एकच मुद्दा राहिला. नवा फिल्टर डिझेलने भरून बसवायचा की कोरडाच? आमच्याकडे सगळे मेकॅनिक काठोकाठ भरूनच बसवतात. त्याने गाडी पटकन सुरू होते हे खरंच आहे.

---

नोझल_टेस्टिंग

कोकणकडा, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवर ती सवय पडली आणि तिथे ती चालून गेली. कॉमन रेलवर तीच सवय नोझल खाते. फिल्टर भरताना डिझेल कोणत्या भोकातून ओतलं हे बघा. हेडला बसणाऱ्या डब्यात मधलं मोठं आट्यांचं भोक ही बहुतेक वेळा स्वच्छ बाजू असते, गाळून झालेलं डिझेल तिथून पंपाकडे जातं. त्याच्याभोवती गोलाकार असलेली छोटी भोकं ही घाण बाजू. मधल्या भोकातून नरसाळं लावून कॅनमधलं डिझेल ओतलं तर ते डिझेल कधीच गाळलं जाणार नाही. कॅन कितीही स्वच्छ दिसला तरी त्यात पाच-दहा मायक्रॉनचे कण असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

भरायचाच असेल तर मधलं भोक टोपीने बंद करा आणि कडेच्या छोट्या भोकांतून हळूहळू ओता. कागदातून झिरपून मधला भाग आपोआप भरतो, वेळ लागतो एवढंच. हातपंप किंवा टाकीतला इलेक्ट्रिक पंप असेल तर कोरडा बसवून पंपाने भरणं सर्वात सुरक्षित. हे दोन्ही नसलेल्या गाड्यांत कडेने भरणं हाच मार्ग, कारण हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. नुसत्या हवेवर लांबलचक सेल्फ मारत राहिलं तर पंप कोरडा फिरतो आणि आत ओरखडे पडतात.

सीलबंद डब्याच्या प्रकारात बाण छापलेला असतो. बाणाच्या शेपटीकडून भरायचं, टोकाकडून नाही.

---

रिंगपाना

अगदी बरोबर. "भरून बसवा" असं अर्धवट सांगण्यापेक्षा मी ते लिहिलंच नव्हतं, पण आता सविस्तर आलं ते चांगलं झालं. नवा फिल्टर पिशवीतून शेवटच्या क्षणी बाहेर काढा, आधी काढून फेंडरवर ठेवू नका, हेही यातच जोडतो.

---

वऱ्हाडी_चाक

"डिझेल पेटत नाही" हा समज मनातून काढून टाका. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असला की चालतो. युरोपात तोच किमान ५५ अंश आहे, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इकडे निर्धास्त राहू नये. चंद्रपूर, अकोला, नागपूरला मे महिन्यात सावलीतच ४५ अंशांच्या वर पारा जातो. त्या तापमानात उघड्या ट्रेमधल्या डिझेलवर पेट घेणारी वाफ असू शकते. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, उघड्यावर करा, हॅलोजन दिवा लावू नका, आणि एबीसी पावडरचा सिलेंडर किंवा वाळूची बादली हाताशी ठेवा. पाणी टाकायचं नाही, डिझेल पाण्यावर तरंगत पसरतं.

---

घाटमाथा

फिल्टर कधी बदलायचा याबद्दल. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकडा हाच पाया. गाडीप्रमाणे तो २०,००० ते ६०,००० किलोमीटरच्या दरम्यान कुठेही असू शकतो. गाडी कमी चालत असेल तर किलोमीटरऐवजी वर्षं धरा.

चोक झालेल्या फिल्टरची लक्षणं सपाट रस्त्यावर दिसत नाहीत. शहरात गाडी छान पळते आणि कसारा, खंबाटकी किंवा आंबोली चढताना तिसऱ्या गिअरला २,५०० आरपीएमच्या पुढे पिकअप जातो. कारण तेव्हा डिझेलची मागणी जास्त असते आणि तेवढं फिल्टरमधून येत नाही. रेलचा दाब कमी पडला की ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) गाडीला लिम्प मोडमध्ये (ताकद कमी करून) टाकतो आणि पी-००८७ हा कोड येतो. चावी बंद करून चालू केली की पुन्हा काही किलोमीटर ठीक चालते.

पण पी-००८७ आला म्हणजे फिल्टरच, असं नाही. टाकीतल्या पंपाची जाळी, दबलेला पाइप, थकलेला हाय प्रेशर पंप, रेलवरचा गळका प्रेशर व्हॉल्व्ह, रिटर्नमध्ये जास्त डिझेल सोडणारे नोझल, कशानेही तोच कोड येतो. फिल्टर सगळ्यात स्वस्त आणि सोपा म्हणून आधी बदला. फरक पडला नाही तर दुसरा-तिसरा फिल्टर आणत बसू नका. टर्बोचा पाइप फाटला असेल तरी घाटात पिकअप जातो, पण तेव्हा काळा धूर येतो. फिल्टर चोक असताना सहसा धूर येत नाही, डिझेलच कमी जात असतं.

---

सातारा_टॉर्क

सीलबंद डबा बदलला. पाइप फोटोप्रमाणेच लावलेत. सुरू होते, चार-पाच सेकंद चालते, बंद पडते. पुन्हा बराच वेळ सेल्फ मारला की सुरू होते, मग दिवसभर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. बाहेर एक थेंबही गळत नाही. टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, इंजिनचा पंपच डिझेल ओढतो.

---

नोझल_टेस्टिंग

बाहेर गळत नाही हीच इथली खूण आहे. तुमच्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप शोषण बाजूचा आहे. त्या बाजूला सांधा ढिला असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की हवा आत शिरते, पाइपमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी पंपाला हवा मिळते. पहिले चार-पाच सेकंद गाडी पुढे उरलेल्या डिझेलवर चालते.

फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपात तेवढ्याच व्यासाचा साधारण एक फूट पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा आणि सेल्फ मारताना बघा. बारीक बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा फिल्टरच्या मागून किंवा फिल्टरच्या सांध्यातून येतेय. एखादा सुटा बुडबुडा सुरुवातीला चालतो, सतत येत राहिले तर नाही. रिटर्न पाइपातल्या बुडबुड्यांवरून काही ठरवू नका, तिथे थोडे असतातच. हा पारदर्शक पाइप नंतर काढायचा, इंजिनच्या उष्णतेत तो कडक होऊन निखळतो.

आता जागा शोधा. फिल्टरच्या दोन्ही नळ्यांवर पाइप किती आत गेलाय? नळीला एक फुगीर कडं असतं; पाइप त्याच्या पुढे गेला पाहिजे आणि क्लिप कड्याच्या मागे बसली पाहिजे. क्लिप कड्यावरच बसवली तर आवळलेली वाटते पण हवा घेते. जुन्या पाइपचं तोंड कडक झालं असेल, पाइपात लांबी शिल्लक असेल, तर टोकाचे १० मिलिमीटर धारदार ब्लेडने सरळ कापून नव्या भागावर बसवा. झटपट सुटणारे प्लास्टिकचे जोड असतील तर आतली ओ-रिंग जुन्या फिल्टरच्या नळीवर राहून गेलीय का ते बघा, हे बऱ्याचदा होतं. आणि तळाचा पाण्याचा कॉक. तिथूनही हवा शिरते, आणि कोणी तिकडे बघत नाही.

---

सातारा_टॉर्क

प्लास्टिकच्या जोडातली हिरवी ओ-रिंग जुन्या डब्याच्या नळीवर निघाली. ती परत वापरावी का?

---

नोझल_टेस्टिंग

नको. एकदा ताणून निघालेली ओ-रिंग पुन्हा तेवढी बसत नाही. हे जोड ठरलेल्या मापांचे असतात, ७.८९ आणि ९.८९ मिलिमीटरच्या नळ्यांचे सर्वात जास्त. व्हर्नियरने नळीचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्या मापाचा पूर्ण जोड किंवा डिझेलला चालणारी व्हायटनची ओ-रिंग आणा. नळाची काळी रबरी ओ-रिंग मापाला बसली तरी डिझेलमध्ये फुगते. जोड बसवताना टक असा आवाज आला पाहिजे आणि मागे ओढून निघता कामा नये.

---

रिंगपाना

सातारा, ओ-रिंग बदलल्यावर रबरी फुगा असेल तर कडक होईपर्यंत दाबा आणि बाजूला घड्याळ ठेवा. दहा मिनिटांनी तो तेवढाच कडक राहिला तर फुग्यापासून पुढे हवा जात नाहीये. लगेच मऊ पडला तर अजून कुठेतरी गळती आहे. गाडीत ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधले आकडे वाचणारं यंत्र) लावता येत असेल तर सेल्फ मारताना रेलचा दाब बघा. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत साधारण २०० बारच्या आसपास दाब झाल्याशिवाय ईसीयू नोझल उघडतच नाही. दाब ३०-४० वर अडकलेला दिसत असेल तर सेल्फ मारत राहून फक्त बॅटरी उतरेल.

आणि सर्वांसाठी: एअर काढायला कॉमन रेलमध्ये नोझलचा नट ढिला करून सेल्फ मारायचा नाही. जुन्या ट्रॅक्टरवर, जुन्या जीपवर ते चालायचं. इथे त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण डिझेल आत पसरतं आणि तातडीने शस्त्रक्रिया लागते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना "जास्त दाबाने डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट शब्दांत सांगा.

---

कोकणकडा

पावसाळ्यातल्या पाण्याबद्दल. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या दमट हवेतलं पाणी सुटतं आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. जून ते सप्टेंबर टाकी अर्ध्याच्या वर ठेवा आणि महिन्यातून एकदा फिल्टरच्या तळाचं पाणी काढा.

रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन बंद. तळाच्या कॉकला पातळ पाइप लावून तो पारदर्शक बाटलीत सोडा. कॉक एक-दीड आटा ढिला करा. डिझेल येत नसेल तर हातपंप दोन-चार वेळा दाबा. १०० ते २०० मिली पुरे. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा, पाणी असेल तर तळाशी स्पष्ट थर दिसतो. थर जाड असेल तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत पुन्हा काढा. कॉक हाताने बंद करून पंप घट्ट होईपर्यंत दाबा, मगच सेल्फ.

डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ असं करू नका. गाडी थांबवून पाणी काढा. पाणी हाय प्रेशर पंपात गेलं की वंगण संपतं. चावी ऑन केल्यावर तो दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. फिल्टर बदलल्यावर तो लागतच नसेल तर सेन्सरचं कनेक्टर लावायचं राहिलंय का ते बघा.

---

घाटमाथा

थरांच्या मधोमध काळपट, शेवाळासारखं काही दिसलं तर ते जिवाणूंचं असतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे ते वाढतं. अशा वेळी फिल्टर बदलून काही हजार किलोमीटरवर तो पुन्हा चोक होतो, टाकी उतरवून धुवावीच लागते.

---

पेट्रोलपुरे

पेट्रोल गाडीसाठी हेच चालेल का? गाडी जुनी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली) आहे, फिल्टर खाली टाकीजवळ आहे.

---

रिंगपाना

नाही, क्रम वेगळा. पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेटते, त्यामुळे हे काम बंद गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये करायचंच नाही.

पाइपात साधारण ३ बार दाब असतो, तो आधी उतरवा. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी सुरू करून आपोआप बंद पडू द्या, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी जॅकवर नको, स्टँडवर घ्या. जोड सोडताना त्यावर फडकं गुंडाळा, तरीही ५०-१०० मिली पेट्रोल येणारच. चष्मा विसरू नका, तुम्ही खालून वर बघत असता.

फिल्टरवरचा बाण इंजिनकडे. पाइप बदलायचा असेल तर इंजेक्शनच्या दाबाला चालणारा, ज्यावर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं असतं तो घ्या. कार्ब्युरेटरचा साधा पाइप नको. क्लिपही गुळगुळीत कडेची. दात असलेली साधी क्लिप आवळली की रबर कापते. शेवटी फ्यूज लावून चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद, इंजिन सुरू न करता. दाब आला की खाली वाकून सांधे बघा. ओलावा दिसला तर सेल्फ मारायचा नाही.

नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीतच पंपासोबत असतो. तो घरी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

वऱ्हाडी_चाक

यात ई-२० ची भर. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल जुन्या टाकीतला चिकटलेला साका सोडवतं, तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुन्या गाडीत ई-२० सुरू झाल्यावर एक फिल्टर ठरलेल्या वेळेआधी बदलावा. पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासोबत वेगळं होऊन तळाला जातं. ते डिझेलसारखं कॉक उघडून काढता येत नाही, टाकीच रिकामी करावी लागते.

---

सातारा_टॉर्क

जोड बदलला, फुगा दहा मिनिटं कडक राहिला, दोन दिवस सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. धन्यवाद. जुना डबा कापून बघण्यात अर्थ आहे का?

---

नोझल_टेस्टिंग

आहे, पण हॅक्सॉने नाही. त्याचाच लोखंडी भुसा आत पडतो आणि आपण घाबरतो. नळी कापायच्या कटरने डब्याच्या कडेला गोल फिरवत कापा. कागदाच्या घड्या काढून पांढऱ्या कागदावर उलगडा, डिझेल निथळू द्या.

काळा रंग म्हणजे घाबरायचं कारण नाही, वापरलेला डिझेल फिल्टर काळाच होतो. तांबूस गंज म्हणजे टाकीत किंवा कॅनमध्ये पाणी. सर्वात वाईट म्हणजे चकाकणारे बारीक कण. फिल्टर तर पंपाच्या आधी असतो, मग पंपाचे कण त्यात कसे, असं वाटेल. पंपातून आणि नोझलमधून उरलेलं डिझेल रिटर्नने टाकीत जातं आणि पुन्हा फिल्टरवर येतं. म्हणून चकाकी दिसली तर पंप आतून झिजतोय असं समजा. टॉर्चखाली चुंबक फिरवून बघा, चिकटले तर पोलाद. तेव्हा नवा फिल्टर लावून गाडी चालवत राहणं म्हणजे उरलेले नोझलही घालवणं. टाकीपासून रेलपर्यंत सगळं तपासून घ्यावं लागतं.

नकली फिल्टरही कापल्यावरच कळतो. घड्या कमी, विरळ, टोकाला गोंद सुटलेला, आणि घडीला बोटाने दाबलं की कागद मऊ पडतो. न कापता ओळखायचं तर जुन्या खऱ्या फिल्टरशी वजन ताडून बघा, रबराची कड हाताला लागते का बघा, खोक्यावरचा आणि डब्यावरचा पार्ट नंबर जुळतो का बघा. बिल घ्या. किमतीत निम्म्याचा फरक असेल तर घेऊ नका. बॉश, माहले, प्युरोलेटर अशा नावाजलेल्या कंपन्यांचा किंवा गाडीच्या कंपनीचा, काहीही चालेल. पार्ट नंबर आपल्या गाडीचा आणि विक्रेता अधिकृत असला पाहिजे.

---

पेट्रोलपुरे

जुनं डिझेल आणि डबा टाकायचा कुठे?

---

कोकणकडा

गटारात नाही, झाडाखाली नाही, ओल्या कचऱ्यात तर नाहीच. डबा उलटा करून रात्रभर निथळू द्या, डिझेल झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर "खराब डिझेल" लिहा. जे गॅरेज जुनं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देतं तिथे दोन्ही द्या. गाळून परत टाकीत टाकायचा मोह होतो, पण त्यातलं पाणी कापडाच्या गाळणीने निघत नाही.

रस्त्यावर सांडलं असेल तर लगेच वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका, दहा मिनिटांनी झाडून घ्या, मग साबणाच्या पाण्याने घासा. डिझेलचा पातळ थर कोरडा दिसतो आणि पहिल्या सरीत दुचाकी घसरते.

---

घाटमाथा

एक राहिलं. डबा हाताने निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवू नका. पत्रा फाटतो आणि कचरा हेडमध्ये पडतो. पट्ट्याचा पाना डब्याच्या हेडकडच्या कडेला लावा, मधल्या भागाला नाही. मधला भाग दाबला की चेपतो आणि आटे आणखी धरतात. तरी हलला नाही तर ब्रॅकेटचे बोल्ट सोडून हेडसकट बाहेर काढा आणि व्हाइसमध्ये ब्रॅकेट धरून डबा सोडवा. हेडचं ॲल्युमिनियम व्हाइसच्या जबड्यात थेट धरू नका, मध्ये लाकडाच्या पट्ट्या घाला. बोल्ट सोडण्याआधी सगळ्या पाइपांची तोंडं बंद केलीत ना, ते एकदा मोजून बघा.